साइट चकाचक झाली, पण आता विचारायचं कुणाला?

प्रति,
नूतनीकरण समिती,
कॉलेज खेळाडूंची मार्गदर्शन आणि संपर्क साइट,
इंदूर

विषय: नवी साइट, आणि तिच्यात हरवलेलं एक चौकोनी खोकं

सप्रेम नमस्कार,

तुम्हाला मी दोन ईमेल केले. पहिल्याला "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असं मशीनचं उत्तर आलं, दुसऱ्याला मशीननेही उत्तर दिलं नाही. म्हणून आता उघड लिहितेय. भांडायला आलेली नाहीये. तुमच्यातल्या दोघातिघांना मी चेहऱ्याने ओळखते, साइट नवी करायची म्हणून तुम्ही रविवारचे बसून मीटिंगा केल्यात हेही मला माहितीये. पण जे झालंय ते बघून गप्प बसवत नाहीये.

मी रामबागेत राहते, खो-खो खेळायचे, आता वय बेचाळीस, एक गुडघा बरा आणि एक कुरकुरणारा. केंद्र सरकारच्या एका ऑफिसात नोकरी आहे, ती खेळाडू कोट्यातून लागलीय, आणि ती कशी लागली ते सांगितल्याशिवाय माझं पुढचं म्हणणं तुम्हाला कळायचं नाही.

आमच्या वेळेला साइट वगैरे काही नव्हतं. आमच्या सरांकडे एक वही होती, किराणा दुकानात उधारीची असते ना, लाल कापडी बांधणीची, उभी, तसली. तिच्यात कॉलेजातून खेळून गेलेल्या पोरापोरींची नावं, खेळ, आता कुठे असतात ते, आणि फोन नंबर, त्यातले निम्मे शेजाऱ्यांचे, पुढे 'पीपी' लिहिलेले. समासात सरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं असायचं, "गुडघा, हिला विचारा", "रेल्वेचा फॉर्म, याला विचारा", "घरचे पाठवत नाहीत, हिच्या आईला भेटा". कुणाला किती पदकं मिळाली हे त्या वहीत कुठेच नव्हतं, कुणाला काय ठाऊक आहे एवढंच होतं.

मी वेस्ट झोनची आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळले. पदक नाही, दुसऱ्याच मॅचला घरी. ते सर्टिफिकेट मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवून दिलं, कारण पदकच नाही तर त्याचा उपयोग काय असं मलाही वाटायचं आणि बाबांनाही. तीन वर्षांनी एकदा सहज सरांकडे गेले तर त्यांनी वही काढून एका ताईंचा नंबर दिला, त्यांना मी तेव्हा कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी फोनवर सांगितलं की केंद्राच्या गट क च्या थेट भरतीत 5 टक्क्यांपर्यंत जागा खेळाडूंमधून भरता येतात, आंतरविद्यापीठ खेळलेल्यांना पदक नसलं तरी पसंतीक्रमात खाली का होईना जागा असते, फक्त फॉर्म 3, म्हणजे विद्यापीठाकडून खेळल्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला, हवा, आणि त्याच्यावर विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांची किंवा ज्यांच्याकडे तिथल्या खेळांचा सगळा कारभार असतो त्यांची स्वतःची सही हवी, प्राचार्यांची चालत नाही. मी प्राचार्यांची सही घेऊन बसले होते. जेमतेम दहा मिनिटांचा फोन असेल, आणि आज माझं घर त्या दहा मिनिटांवर चाललंय.

इंदूरला हे काही नवीन नाहीये. होळकरांनी 1923 मध्ये सी. के. नायडूंना इथे बोलावलं ते नुसतं बॅट घेऊन या म्हणून नाही, फौजेत हुद्दा दिला, आधी पोटाची सोय आणि मग खेळ, आणि मग त्याच होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकून दाखवली. नरेंद्र हिरवाणी गोरखपूरहून इथे आला तेव्हा शाळकरी वयाचा होता, इथले क्रिकेटपटू संजय जगदाळे यांनी त्याला हाताखाली घेतलं, आणि 1988 च्या जानेवारीत मद्रासला पहिल्याच कसोटीत त्याने वेस्ट इंडिजचे 16 गडी 136 धावांत काढले. आता तुम्ही ज्याला मेंटरिंग म्हणताय ते आपल्या गावात असं चालत आलंय, त्याला हे नाव नव्हतं एवढंच.

आता साइटबद्दल.

जुनी साइट एका पोराने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून केली होती आणि ती दिसायला भयानक होती, हे मी मान्य करते. केशरी पट्टी, निळी अक्षरं, खाली किती लोक येऊन गेले त्याचा काटा फिरत असायचा. आणखी एक कबूल करते, तिच्यात मुलींचे फोन नंबर सरळ उघड्यावर होते, कुणीही बघावे असे, आणि आम्ही सगळे मोठे शहाणे लोक वर्षानुवर्षं ते बघत बसलो. ते तुम्ही बंद केलंत, बरं केलंत.

पण त्या साइटवर पहिल्याच पानावर एक चौकोनी खोकं होतं. वर लिहिलेलं, "काय विचारायचंय?" खाली खेळ निवडायचा आणि बटण दाबायचं. प्रश्न त्या खेळाच्या सगळ्या सीनियर लोकांकडे जायचा, ज्याला येतं तो उत्तर द्यायचा, आणि उत्तर सगळ्यांना दिसायचं, म्हणजे पुढच्या वर्षी तोच प्रश्न घेऊन येणाऱ्या पोरीला कुणाला विचारावंच लागायचं नाही. बस एवढंच. सरांची वहीच होती ती.

मी रात्री जेवणं उरकली, ओटा पुसला की फोन घेऊन बसायचे. "दीदी मॅट पे कौन सा जूता चलेगा, मिट्टीवाला फिसल रहा है." "मॅडम, 75 टक्के हजेरी भरत नाहीये, एचओडी म्हणतात खेळायला गेलीस तो तुझा प्रश्न, काय लिहून देऊ?" "आई म्हणते चार दिवस बाहेरगावी एकटी पाठवणार नाही, टीमबरोबर कोण मॅडम असतात त्यांचा नंबर मिळेल का?" एक पोरगा होता, कुस्तीवाला, त्याला स्पर्धेच्या आदल्या दिवशी सर्दी झाली आणि मेडिकलवाल्याने गोळी दिली, ती घेऊ का विचारत होता. आमच्यातल्या एका फिजिओने लगेच लिहिलं, थांब, आधी पाकिटाच्या मागे स्यूडोएफेड्रिन लिहिलंय का बघ, स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणाच्या वर लघवीत सापडलं तर डोपिंगमध्ये अडकशील, तू सर्दीसाठी घेतली होतीस हे मग कुणी ऐकून घेणार नाही. ते उत्तर नंतर किती पोरांनी वाचलं असेल देव जाणे, मी स्वतः डझनभर जणांना पाठवलंय.

हे सगळं गेलं. खोकं पण गेलं आणि आधीची उत्तरं पण गेली. ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार आहे, बाकीच्या हिच्या मागून येतात.

त्याच्या जागी काय आलं? पहिल्या पानावर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, त्यात एक पोरगी सूर्योदयाला धावतेय, आणि ती आपल्याकडची नाहीये, कारण आपल्याकडे कॉलेजच्या पोरीला तसला ट्रॅक मिळाला असता तर ती धावायची सोडून आधी फोटो काढत बसली असती. मग "प्रेरणा", "नेतृत्व", "कनेक्ट" असे तीन गोल. कनेक्टवर गेलं की मेंटरांचे फोटो, टाय लावलेले, त्यांना रिक्वेस्ट पाठवायची, त्यांनी ती घेतली तर बोलायचं. कोपऱ्यात एआय असिस्टंट बसवलाय. मी त्याला विचारलं, फॉर्म 3 वर सही कुणाची लागते? तो म्हणाला, कृपया आपल्या मेंटरशी संपर्क साधा. मी मेंटरला रिक्वेस्ट पाठवली. ती "प्रलंबित" आहे. हे लिहीपर्यंत एकोणीस दिवस झाले आणि फॉर्म भरायची मुदत सहसा त्याच्या आतच संपते.

तुमचं म्हणणं मी ऐकलंय, की नेटवर्किंग महत्त्वाचं आहे, ओळखी वाढल्या पाहिजेत. वाढू द्या की. पण सतरा-अठरा वर्षांची पोरगी, घरात पहिली कॉलेजात गेलेली, ती कुणा मोठ्या माणसाला "मला तुमच्या नेटवर्कमध्ये घ्या" अशी रिक्वेस्ट पाठवणारच नाही, तिचं धाडसच होत नाही, मी त्या वयात पाठवली नसती. तिला ओळख नकोय हो, तिला बुटाचा प्रश्न आहे. बुटाचं उत्तर मिळालं की दुसऱ्या वेळी ती गुडघ्याचं विचारते, तिसऱ्या वेळी घरचं, आणि मग कधीतरी वर्षाने ओळख झालेली असते. तुम्ही ओळखीचं दार पुढे आणून बसवलंय आणि प्रश्नाची खिडकी बुजवून टाकलीय.

दुसरी तक्रार खेळांच्या यादीची. नोंदणी करताना खेळ निवडायचा असतो. यादीत लॅक्रॉस आहे. सॉफ्टबॉल आहे, सॉकर आहे आणि फुटबॉलही वेगळं आहे, म्हणजे ते अमेरिकेतलं अंडाकृती चेंडूवालं. रोइंग आहे. खो-खो नाहीये. कबड्डी नाहीये. मल्लखांब नाहीये. त्यांच्यासाठी सगळ्यात खाली "इतर". 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुषांचा आणि महिलांचा दोन्ही आपण जिंकले, दोन्ही फायनलला नेपाळला हरवलं, घरोघरी टीव्हीवर बघितलं लोकांनी, आणि त्यानंतर तयार झालेल्या इंदूरच्या साइटवर खो-खो "इतर"! माझ्या ओळखीची मल्लखांबवाली पोरगी म्हणाली, ताई मी लॅक्रॉस टाकलं, निदान फॉर्म तरी पुढे गेला.

आणि फॉर्म पुढे गेला तरी काय, पुढे जीपीए, म्हणजे परीक्षेतल्या गुणांची सरासरी, भरायचाय. तिने 7.8 टाकला. लाल अक्षरात आलं, "कृपया वैध आकडा भरा". पुन्हा टाकला, पुन्हा लाल. आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसून डोकं खाजवत होतो, शेवटी माझा भाचा आला, तो म्हणाला मावशी, अमेरिकेत 4 पैकी असतो, ह्यांनी तिकडचं रेडिमेड टेम्प्लेट आणलंय आणि तसंच चिकटवलंय. म्हणजे आपल्याकडे 10 पैकी 7.8 मिळवणारी पोरगी साइटच्या हिशोबात खोटारडी. तिने वैतागून 3 टाकला. आता तिच्या प्रोफाइलवर 3 दिसतोय आणि जो कुणी नोकरी देणारा बघेल तो काय समजेल? तिकडच्या साइट तिकडच्या पोरांसाठी चांगल्याच असतील, तिथे कॉलेजात खेळणाऱ्यातले फार थोडे पुढे व्यावसायिक होतात म्हणून बाकीच्यांना नोकरीधंद्याचा रस्ता दाखवायला त्या काढल्यात. आपलीही गरज तीच आहे. पण आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं नको.

तिसरी गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. जुन्या साइटवर प्रत्येक खेळाडूचं एक पान होतं, त्यावर सर्टिफिकेटं स्कॅन करून ठेवलेली. आम्हीच पोरांना शिकवलं होतं की त्या पानाचा क्यूआर कोड बायोडाटावर वरच्या कोपऱ्यात छापा, समोरच्याला लगेच बघता येतं. देवासची एक कबड्डीवाली, एका खासगी शाळेत क्रीडाशिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला गेली, नवा कुर्ता, हातात फाइल. मुलाखतीला बसलेल्या साहेबांनी फोन काढून कोड स्कॅन केला. पान सापडलं नाही. ती म्हणाली, सर नेट स्लो होगा. त्यांनी पुन्हा केला. पान सापडलं नाही. त्यांनी फोन उलटा करून तिला दाखवला आणि काही बोलले नाहीत. तिच्याजवळ मूळ सर्टिफिकेटं होती, तिने ती काढून दाखवली, पण ती सांगते की त्यानंतर खोलीतलं वातावरणच बदललं, जणू हिनेच काहीतरी लबाडी केलीय. नोकरी लागली नाही. त्याच कारणाने लागली नाही असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण नव्या साइटचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पानावर नेणारी सोय कुणी केली नाही, हे मात्र नक्की. भाचा सांगतो त्याला 301 म्हणतात, कायमची वळती, सर्व्हरवर एकदा लिहून ठेवायची असते. आम्ही स्नेहलतागंजातून रामबागेत आलो तेव्हा बाबांनी सामान हलवायच्या आधी पोस्टात जाऊन नवा पत्ता दिला होता. तेवढीच गोष्ट आहे ही.

चौथी तक्रार मी जपून लिहितेय. नव्या साइटवर कुणीही नोंदणी झालेला माणूस कुणालाही खासगी मेसेज करू शकतो. गेल्या महिन्यात एक पोरगी माझ्याकडे फोन घेऊन आली. नाव, खेळ, कॉलेज काहीच सांगणार नाही. मेंटरचा निळा बिल्ला लावलेला माणूस, रात्री साडेअकराला, "सोई नहीं अभी तक?", मग फोटो चांगला आहे, मग प्रॅक्टिसचे आणखी पाठव. मुलगी सतरा वर्षांची आहे. आम्ही दोघींनी मिळून तक्रार करायचं बटण शोधलं. नाहीये. ब्लॉक आहे, तेही तीन पानं आत. "संपर्क" वर गेलं की तोच मोलाचा अभिप्राय.

आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट 17 ते 25 आहे, म्हणजे पहिल्या वर्षाची पोरं अठराच्या आतली असणार हे तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या खालचं प्रत्येक जण मूल धरलंय, त्याची माहिती वापरायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलीय. तुमच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख विचारलीय पण त्या तारखेचं पुढे काहीच होत नाही. आणि 2013 चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे, प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असायला हवी, मग त्या समितीचा पत्ता या साइटवर एका ओळीत का नाही? 2023 च्या जानेवारीत देशाच्या पदकविजेत्या कुस्तीगीर पोरी जंतरमंतरवर बसल्या होत्या. त्या तर ऑलिम्पिकपर्यंत गेलेल्या, त्यांनाही बोलायला रस्त्यावर यावं लागलं. आमच्या पोरीने कुठे जायचं होतं? ती माझ्याकडे आली कारण मी तिच्या आत्याच्या शेजारी राहते. हा योगायोग आहे, याला व्यवस्था म्हणत नाहीत. (त्या माणसाचं खातं आता दिसत नाही. कुणी बंद केलं, काही कारवाई झाली का, तिला कुणीही कळवलेलं नाही.)

बाकीच्या लहान तक्रारी पटपट सांगते.

अक्षरं. पांढऱ्यावर फिकट राखाडी. ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर फार छान दिसत असतील, पण पोरं साइट बघतात ती मैदानावर, मे महिन्यातल्या उन्हात, काच तडकलेल्या फोनवर. साध्या अक्षरांचा रंग आणि मागचा रंग यांच्यात निदान 4.5 ला 1 इतका फरक असावा असं वेबच्या सुगम्यतेचे नियमच सांगतात, तुमच्या एजन्सीला ते माहीत असणारच. आमच्याकडे एक दृष्टिदोष असलेला भालाफेकवाला आहे, तो म्हणतो जुनी साइट मला दिसत होती, नवीत मी फक्त बटणं चाचपडतो.

भाषा. जुन्या साइटवर पोरं हिंदीत, मराठीत, माळवीत, कशातही लिहायची आणि आम्ही तसंच उत्तर द्यायचो. नवीत सगळी बटणं इंग्रजी. राजवाड्यावर उभं राहून भिया म्हणणारी पोरं आहेत ही, "एंगेज विथ युवर कम्युनिटी" वाचून ती फोन खिशात टाकतात.

तो व्हिडिओ. कृपा करून काढा. डेटा पॅक पोरांचा जातो.

आणि मेंटरांचा क्रम. वर कोण, तर ज्याला जास्त फॉलोअर. आंतरराष्ट्रीय पदकवाल्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांना फॉर्म 3 कधी लागलाच नाही, त्यांचे रस्ते वेगळे. पहिल्या वर्षाच्या पोरीला सगळ्यात जास्त उपयोगी असते ती तिसऱ्या वर्षाची पोरगी, जी नुकतीच त्याच खड्ड्यातून गेलीय, आणि ती तुमच्या यादीत कितव्या पानावर आहे ते मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

हे सगळं का झालं असं मी स्वतःला विचारते तेव्हा एकच उत्तर येतं, तुम्ही कुणाला दाखवलंच नाही. समितीला दाखवलं, पाहुण्यांना दाखवलं, उद्घाटनाला दाखवलं, नारळ फोडला. ज्यांनी ती वापरायची त्यातल्या एकीच्याही हातात फोन देऊन "बाई गं, यात तुझा प्रश्न विचारून दाखव" असं कुणी म्हटलं नाही. या क्षेत्रातले लोक पंचवीस वर्षांपासून सांगताहेत की पाच माणसांना वापरायला देऊन शेजारी गप्प बसलं तरी बहुतेक चुका समोर येतात. पाच! आमच्या मैदानावर संध्याकाळी आठजणी नुसत्या पाळीला बसलेल्या असतात.

आता मागण्या. साध्या आहेत आणि मला वाटतं यातल्या बऱ्याचशा पैशाशिवाय होतील.

खासगी मेसेज आजपासून बंद करा, निदान अठराच्या आतल्यांना तरी, आणि प्रत्येक पानावर तक्रारीचं बटण द्या, जे एखाद्या नाव असलेल्या माणसाकडे जाईल, शक्यतो बाईकडे, आणि तिने किती दिवसांत उत्तर द्यायचं ते तिथे लिहा. याला थांबायला वेळ नाहीये, बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल. मेंटरचा बिल्ला देण्याआधी त्या माणसाला ओळखणारे दोन जण कोण, हे विचारून घ्या.

जुने पत्ते नव्या पानांवर वळवा. ते होईपर्यंत पहिल्या पानावर सूचना लावा की जुने क्यूआर आमच्या चुकीमुळे बंद आहेत, म्हणजे पोरांना ते कुणाला तरी दाखवता येईल.

"काय विचारायचंय?" चं खोकं परत आणा. पहिल्या पानावर, वर. उत्तरं सगळ्यांना दिसतील अशी, विचारणाऱ्याचं नाव मात्र झाकून. जुने प्रश्न आणि उत्तरं परत चढवा, त्यातले फोन नंबर आधी काढून.

खेळांची यादी आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या यादीवरून घ्या. जीपीए 10 पर्यंत जाऊ द्या. हिंदी आणि मराठी द्या, भाषांतर करायला आम्ही बसतो, एक पैसा नको, फक्त मशीनचं भाषांतर लावू नका.

आणि फॉर्म 3, हजेरीचा अर्ज, औषधांबाबत काय बघायचं, दुखापत झाली तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं, या चार गोष्टींची चार पानं करा, लॉगिन न करता उघडतील अशी. मजकूर मी आणि आमच्यातले तिघं मिळून लिहून देतो, औषधांचं आणि दुखापतीचं फिजिओ आणि एका डॉक्टरांकडून तपासून.

आमची प्रॅक्टिस साडेपाचला सुरू होते. येत्या मंगळवारी या, तुमच्यातले कुणीही दोघं, एजन्सीच्या माणसालाही आणा. पोहे मी आणते, शेव आणि जिरावण घालून. फोन तुमचा नको, पोरींचाच घेऊ. एकेकीला सांगू, मॅटवर कोणता बूट चालतो ते साइटवर विचारून दाखव, आणि आपण मागे उभं राहून बघू. बोलायचं मात्र नाही, तुम्हीही नाही आणि मीही नाही, मला ते जड जाणार आहे.

आपली,
खो-खोवाली एक जुनी खेळाडू
रामबाग, इंदूर

ता. क. जुनी साइट ज्याने केली होती तो पोरगा आता पुण्याला नोकरी करतो. मी त्याला काल फोन केला. म्हणाला, ताई, सगळे प्रश्न-उत्तरं माझ्याकडे एका पेन ड्राइव्हवर आहेत, मला कुणी मागितलेच नाहीत. मी मागितलेत. दिवाळीला घरी येताना घेऊन येतोय.